वॉचमनची खाट

जेरार्ड एका कंपनीत ॲडमिन ऑफिसर होता. तीनशे कामगारांच्या राहण्याच्या कॅम्पसाठी आखातातल्या उम्म अल कुवैनमधल्या दोन प्लॉटपैकी एक त्याला आज निवडायचा होता. त्याचे साहेब हेमचंद्र खाडीकाठच्या प्लॉटवर खूश होते, कारण तो रस्त्याला लागून होता. जेरार्डला तो खटकत होता, आणि आपण साहेबांना पटवणार याची त्याला पक्की खात्री होती. नोकरीची पहिली तीन वर्षं त्याने तिकडच्याच सोनापूरच्या कामगार कॅम्पात काढली होती. एका पावसात भिजलेल्या गादीचा वास अजून त्याच्या नाकात होता. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे!

शनिवार असल्यामुळे मुलगी क्लेअर गाडीत होती, हिस्टरीचं पुस्तक मांडीवर घेऊन.

"तुझे रोमन लोक गाव वसवायला जागा कशी निवडायचे गं?"

"वॉटर, रोड्स, हाय ग्राउंड. अँड दे चेक्ड द लिव्हर."

"कुणाचं?"

"शीप दॅट ग्रेझ्ड देअर. गुड लिव्हर, गुड प्लेस. यक्, डॅडी!"

"यक् काय? शहाणे होते. तिथे आधीपासून राहतो, त्यालाच विचारायचे."

खाडीकाठच्या प्लॉटवर जमीन ठणठणीत कोरडी होती. जेरार्ड सरळ वॉचमनच्या खोलीत डोकावला. खाटेच्या प्रत्येक पायाखाली सिमेंटचे तीन-तीन ब्लॉक रचलेले.

"चाचा, खाट इतनी ऊपर क्यों?"

"बारिश में पानी आता है, साहब. घुटने तक."

जेरार्डने फोटो काढला.

दुसरा प्लॉट वीस मिनिटं आत, वाळूच्या उंचवट्यावर होता. तिथला वॉचमन भर दुपारी खोलीत चटईवर घोरत होता. जेरार्डला त्याला मिठी मारावीशी वाटली. त्याने बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

"दुसरा घेऊ, साहेब."

"अरे, बसचा फेरा वाढतो. खलास, पहिलाच फायनल कर."

"करतो. मग तीनशे खाटांना बाराशे पाय, आणि पायाला तीन ब्लॉक. फोटो पाठवलाय, बघा."

पलीकडे साहेबांनी फोटो उघडला.

"जागेच्या फॉर्मवर दुसऱ्या प्लॉटचं नाव टाक," साहेब म्हणाले. "कारण एका ओळीत लिही. मालकांना मी सांगतो."

क्लेअरने पेन पुढे केलं. जेरार्डने बॉनेटवर फॉर्म ठेवून कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'इथला वॉचमन जमिनीवर झोपतो.'