ओट्यावरची खुर्ची

ते २००६ साल. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये तिसऱ्या मजल्यावर सुचेताबाई सहा महिन्यांच्या नातीला, सान्वीला, सांभाळत. मुलगा अभिनव आणि सून स्वाती सकाळी सातलाच कामाला निघत. सुचेताबाईंचे गुडघे कधीचेच गेले होते. खाली बसलं की उठताना कपाट धरावं लागे.

अभिनवच्या मित्राने दुबईहून बाळाची झुलती खुर्ची आणली होती. स्वाती रोज बजावायची, "आई, खुर्ची जमिनीवरच हं. आणि पट्टा लावा."

"तुझ्या नवऱ्याला सुपात निजवून मोठा केलाय मी!"

सून गेली की खुर्ची ओट्यावर. वाकायला नको, पोळ्या लाटताना पोर डोळ्यांसमोर. दुपारी फोन आला की सांगायचं, "खालीच आहे गं."

त्या मंगळवारी सान्वी पाय झाडत होती आणि प्रत्येक झटक्याला खुर्ची बोटभर सरकत होती. सुचेताबाई फ्रिजमधून कणीक काढायला वळल्या, तेवढ्यात धप्प आवाज झाला.

शेजारची पिंकी धावत आली. "मासी, कहाँ से गिरी?"

"पलंगावरून," तोंडून निघून गेलं. मग तेच स्वातीला फोनवर, तेच दवाखान्यात.

"पलंग केवढा उंच?" डॉक्टरांनी विचारलं.

"दीड फूट असेल," ऑफिसातून तशीच धावत आलेली स्वाती म्हणाली.

"मग घाबरू नका. घरी न्या, उलटी झाली तर परत आणा."

स्वातीने सासूचा हात धरला. "तुम्हीही दमलात आई. चला, आधी चहा घ्या."

सुचेताबाई उठल्या नाहीत. खोटं सांभाळायचंही त्राण उरलं नव्हतं.

"डॉक्टर, पलंग नव्हता. ओटा होता. पट्टाही लावला नव्हता."

स्वातीने हात सोडला. डोक्याचा फोटो काढला, तर कवटीला बारीक चीर. तीन दिवस पोरीला तिथेच ठेवलं.

परतताना रिक्षात स्वाती एवढंच म्हणाली, "गुडघे दुखतात तर सांगायचं ना."

"कुणाला? तुम्ही घरी येता तेव्हा तुमच्यातच जीव नसतो."

चीर भरून आली. सान्वी आता कॉलेजात जाते, तिला यातलं काही आठवत नाही. स्वातीने जवळच अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. तिथूनही रोजचा फोन चालू ठेवला, पण खुर्चीचं पुन्हा कधी विचारलं नाही. अभिनवने खुर्ची माळ्यावर टाकली. पुढे पिंकीने ती तिच्या बाळासाठी मागितली, तेव्हा सुचेताबाईंनी स्वतः जाऊन ती जमिनीवर ठेवली आणि पट्टा लावून दाखवला.

सुचेताबाई त्या मंगळवारनंतर अखेरपर्यंत खाली बसूनच पोळ्या लाटत राहिल्या. सान्वी चालती-फिरती झाल्यावर उठताना हात द्यायला तीच असायची.