मागची रिकामी सीट

बातमी आली तो बाजाराचा दिवस होता. चवेले गावाच्या रस्त्यावर बायका केळ्यांचे घड उतरवत होत्या, कोणीतरी कोंबड्यांच्या भावावरून भांडत होतं, आणि मी अंगणात निलगिरीखाली स्टँडवर उभी राहून मास्तरांची वाट बघत होते. सिताती आला. तो बोडाबोडा चालवतो, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. एरवी फाटकाबाहेरूनच हॉर्न वाजवून निघून जाणारा हा माणूस त्या दिवशी गाडी बंद करून आत आला आणि मास्तरांच्या बायकोसमोर उभा राहिला. बाई दवाखान्यात मास्तरांना न्यायचं धुतलेलं पांघरूण घडी करत होत्या.

"आई," तो म्हणाला, "मास्तर गेले. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, चहा मागितला होता. चहा येईपर्यंत गेले."

मी शिकाऊंची मोटरसायकल. शंभर सीसीचं इंजिन, ठेंगणी सीट, पुढे-मागे लाल अक्षराची 'एल' पाटी. माझं वजन मक्याच्या एका भरल्या पोत्याहून थोडं जास्त. माझ्यावरून पडणाऱ्याला फार लागत नाही, हाच माझा मोठा गुण.

समुद्रापलीकडून मी लाकडी पेटीत सुट्या भागांत आले. नैरोबीत मला कोणीतरी जोडलं. आधी मी एका दूधवाल्याकडे होते. माझ्या पाठीवर कॅन बांधून तो कच्च्या रस्त्याने उडवत न्यायचा. त्याने मोठी गाडी घेतली आणि मला मास्तर खायेंबांना विकलं. त्यांची गाडी शिकवण्याची शाळा म्हणजे एक अंगण, एक फळा आणि टेबलावर रंगवलेलं लाकडी गाव. त्या गावात चौक, पूल, चर्च, पोलीसचौकी सगळं होतं. आमच्याकडे परवाना हवा असेल तर आधी अशा गावातून बोटभर लांबीची खेळण्यातली गाडी काठीने ढकलत न्यावी लागते, आणि आपण काय करतोय ते मोठ्याने सांगावं लागतं. आरसा पाहतो, इशारा देतो, वेग कमी करतो. पट्टीचे बोडाबोडावाले या टेबलापुढे घामाघूम झालेले मी पाहिलेत.

मास्तर पहिले काही दिवस माझं इंजिन सुरूच करू देत नसत. "ढकल तिला. अंगणाला फेऱ्या मार. तिचं वजन तुझ्या हातांना कळू दे." मग बसायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघायचं. मग इंजिन. आणि मग ती घटका यायची, जिचं मला आजही नवल वाटतं. शिकणाऱ्याचे पाय जमीन सोडायचे. मी थांबले तर पडते आणि चालले तर उभी राहते. माझ्या दोन चाकांत असं काय आहे ते मला स्वतःला ठाऊक नाही. पण माणूस ते न समजताच माझ्यावर सोपवतो, पाय उचलतो, आणि आम्ही दोघं पडत नाही. कितीजण शिकून गेले, तरी प्रत्येक वेळी मला ते पहिल्यांदाच घडतंय असं वाटलं.

मास्तरांचा एक नियम गावात थट्टेचा विषय होता. शिकाऊच्या मागे कोणीही बसायचं नाही. सिताती म्हणायचा, "मास्तर, या रस्त्यावर बोकड मागे बसतो, पलंग मागे बसतो, परवा तर एका नवरीबरोबर तिच्या दोन आत्या बसल्या होत्या! तुम्हालाच कायदा आठवतो?"

"बोकडाला परवाना वाचता येत नाही," मास्तर म्हणायचे. "मला येतो."

त्यांची मुलगी नामारोमे डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स. दवाखान्याला मोटरसायकल मिळणार होती, पण परवाना असलेलं माणूस असेल तरच. नाहीतर ती गाडी दुसऱ्या दवाखान्याला जाणार होती. लशींची थंड पेटी नामारोमे डोक्यावरून वर न्यायची. वरच्या वस्तीत पोहोचेपर्यंत बर्फ वितळायचा आणि लस फेकून द्यावी लागायची. म्हणून ती सुटी घेऊन वडिलांकडे शिकायला आली.

पहिल्याच दिवशी तिचा चुलतभाऊ आपली मोठी गाडी घेऊन आला. "ताई, शिकायचंच तर यावर शीक. ही काय, शिवणयंत्र आहे!" नामारोमे त्या गाडीवर बसली, तिची टाच अधांतरी राहिली, आणि गाडी तिला घेऊनच आडवी झाली.

मास्तर उठलेसुद्धा नाहीत. "आधी पाय टेकतील अशी गाडी, मग पाय उचलायचे," ते म्हणाले. "शिवणयंत्राकडे ये."

ती चटकन शिकली. पण परीक्षेत नापास झाली. पोलीसचौकीच्या ओसरीवर परीक्षेचं लाकडी गाव मांडलेलं होतं आणि मी पायऱ्यांशी उभी होते. ती ठसक्यात सांगत होती, आरसा पाहते, इशारा देते. पूल ओलांडून खाली उतरताना म्हणाली, "उतार आला. इंजिन बंद करते."

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मान वर केली. "का हो? बिघडली?"

"नाही साहेब. पेट्रोल वाचतं."

सगळी ओसरी हसली. आमच्या डोंगरावर सगळे असंच उतरतात, इंजिन बंद करून, वाऱ्याचा आवाज ऐकत. लहानपणापासून ती अशाच गाड्यांच्या मागे बसत आलेली. साहेबही हसले, आणि त्यांनी तिला नापास केलं. उतारावर बंद इंजिन म्हणजे गाडी मोकाट, ब्रेकवर सगळा भार.

परत येताना ती मला ढकलतच आली. "बाबा, लाज आणली मी तुमची."

"लाज कसली? खरं बोललीस. आता तुझ्या हाताला नवी सवय लावू." पुढचे दिवस त्यांनी तिला वरच्या वळणांवर नेलं. ती माझ्यावर, मास्तर सितातीच्या गाडीवर मागोमाग. उतार आला की ओरडायचे, "गिअर! तिला दुसऱ्यात ठेव! इंजिनला धरू दे तुला!" आणि मी धरायचे. एवढासा जीव माझा, पण त्या उतारावर एक आख्खी बाई आणि तिच्यामागचा डोंगर मी आवरून धरायचे. माझ्यात हे बळ होतं हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्यांदा ती पास झाली. परवाना हातात यायला बराच वेळ गेला. आला त्या दिवशी तिने 'एल' पाट्या सोडवल्या, मागची सीट पुसली.

"बसा बाबा. दवाखाना दाखवते."

मास्तरांनी परवाना दोन्ही बाजूंनी वाचला. "असा कसा बसू? रविवारी चर्चनंतर. कोट घालून बसेन. गावाला दिसू दे." त्या रविवारी त्यांना खोकला झाला. म्हणाले, पुढच्या. मधल्या दिवसांत छाती भरली आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं, भाड्याच्या मोटारीतून.

अंत्ययात्रेला सगळे बोडाबोडावाले आले, गाड्यांना फांद्या बांधून, हॉर्न वाजवत. सर्वांत पुढे नामारोमे माझ्यावर. कोणी मागे बसू लागलं तर ती मान हलवून नको म्हणायची.

दवाखान्याची गाडी तिला मिळाली. आता वरच्या वस्तीत पेटी उघडते तेव्हा आत बर्फ असतो. सुटीच्या दिवशी ती अंगणात येऊन शिकवते. परवा एक भाजीवाली पाय उचलताना रडली आणि हसली. माझ्या पाट्या परत लागल्या आहेत. वाचकहो, कोणाच्याही मागे बसण्याआधी एकदा विचारा, परवाना आहे का. चालवणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

मास्तरांनी शेकडो माणसं शिकवून रस्त्यावर सोडली. आपल्या मुलीच्या मागे ते कधी बसले नाहीत.