नखाची खूण

पांढऱ्या प्लगच्या आट्यांवर तिच्या नखाची खूण उमटली होती, आणि मुरबाड सुटल्यापासून रंजिता अंगठ्याने तीच चाचपत होती... कारण याचा काळा जोडीदार आत्ता पुढे, जीपच्या रेडिएटरच्या बुडाशी, तापलेलं पाणी अडवून बसला होता — आणि त्याला निवडलं होतं मी. नववीतल्या रंजिताने.

जुना प्लास्टिकचा प्लग काल तडकला. दुकानदाराने दोन दिले, कुठलाही बसेल म्हणाला, आणि बाबांनी सवयीने पांढरा उचलला. तो मऊ, साबण चोळून पिळला की गच्च बसतो, या रस्त्यावरचे सगळे जीपवाले असंच करतात. गच्च बसतो, पण थंड असताना — हे तिच्या मनात आलं तेव्हा चुलीवर भाताचं आधण खळखळत होतं, आणि हात मनाच्या आधीच पुढे झाला: दोन्ही प्लग आधणात पडले.

"काय गो, आता जीपच शिजवून खायची का आमी?" आई म्हणाली. पण बाबा उठून जवळ आले. तिने चिमट्याने पांढरा काढला, नख रोवलं — रुतलं. काळ्यावरून घसरलं.

आईने आधण अंगणात ओतलं. बाबांनी काळा खिशात टाकला. "उद्या तू पण चल. इंजिन बसलं तर धंदाच बसला, मग मला विचारू नको."

म्हणून ती मागच्या बाकावर होती, चढावर इंजिन घुमायला लागलं की श्वास रोखून. वाफ आली तर... या घरात परत कधी कुणी मला विचारणार नाय.

"मुठीत काय लपवलंस गो, चिंचा?" शेजारची येसूबाई म्हणाली.

"प्लग हाय, मावशी. नापास झालेला."

टोकावड्याला बाबा उतरले, वाकले, जीपखाली हात घातला. किती वेळ... मग मागे आले आणि बोट तिच्यासमोर धरलं. बोटावर धूळ होती. नुसती कोरडी धूळ.

"घाट बाकी हाय अजून," ते म्हणाले. "पुढं येऊन बस. आवाज बदलला तर सांग."

मला सांगायला सांगितलं — मला. ती पुढे बसली, पाय थेट बॉनेटकडे ताणून, तळव्यांना इंजिनची ऊब लागत होती, आणि माळशेजचे डोंगर समोर उभे राहिले तसं तिच्या लक्षात आलं, की काळा टिकेल ना, हा प्रश्न मघापासून कुठेतरी मागेच राहिला आहे. आता तिला फक्त चढ हवा होता, अजून चढ...