तिसऱ्या पेल्याची किटली

मी एक जुनी किटली आहे, मित्रांनो. काळी आहे म्हणून नाक मुरडू नका. चुलीवर जन्म काढून दाखवा, मग बोला.

नेपाळातल्या पाटणच्या तांबटाने मला घडवलं आणि माझ्या मालकिणीच्या, यांगजीच्या, सासऱ्याने पाठीवर बांधून एव्हरेस्टच्या वाटेवरच्या दिंगबोचेला आणलं. इथे, एवढ्या उंचावर, पाणी लवकर उकळतं, पण त्या उकळीत दम नसतो. भात कच्चा राहतो. काही माणसांचंही तसंच.

पुढे यांगजीच्या लॉजमध्ये चकचकीत थर्मास आले. पाहुण्यांपुढे ते मिरवतात. घरच्या माणसाला मात्र लोणी-मिठाचा चहा माझ्यातूनच मिळतो, आणि आमच्याकडे तीनदा पेला भरल्याशिवाय कुणी उठत नाही.

गेल्या हंगामात एका वाटाड्याचा पाय मुरगळला. त्याच्या जागी यांगजीचा भाचा गेलू खालच्या लुकल्याहून धावतपळत वर आला. बरीच वर्षं काठमांडूत दुकानावर बसलेला. त्या वाटाड्याचे पाहुणे शहाणे, दमादमाने आलेले. मागची टेकडी चढून-उतरून, लसणाचं सूप पिऊन विरळ हवेची सवय करत होते. दुसऱ्या दिवशी गेलू त्यांना खिंडीपार नेणार होता.

"अरे, तूही थांब की जरा," यांगजी म्हणाली.

"आत्या, शेर्पाला कुठे हवा बाधते?"

"शेर्पा होतास. आता काठमांडूचा तक्क्या झालायस."

तिने मला उचललं. पहिला पेला त्याने कसाबसा संपवला. दुसऱ्याला पेल्यावर हात ठेवला. आत्याच्या चहाला नाही? यांगजीने मला खाली ठेवलं.

"डोकं दुखतंय?"

"छे!"

"मग या फळीवरून सरळ चालून दाखव."

गेलू निघाला आणि थेट चुलीकडे झुकला. हवा बाधलेल्याचा तोल असाच जातो. माझं झाकण उडालं!

"आत्या, उद्या त्यांना कोण नेणार? अब्रू जाईल माझी."

"अब्रू खाली पांगबोचेत ठेव. तिथे हवा जास्त आहे, टिकेल."

उन्हं होती तोवरच तिने आपल्या जावयाबरोबर त्याला खाली धाडलं. पाहुणे त्याची वाट पाहत मजेत पत्ते कुटत राहिले.

बरा होऊन गेलू परतला, या वेळी रमतगमत. तीन पेले रिचवून चौथा मागितला. मग स्वतःच मला राखेने घासलं, पण तळ काळाच ठेवला. काळा तळ लवकर तापतो, एवढी अक्कल आली होती.

म्हणून सांगते, मित्रांनो, माझ्यासारखीला तारेने खरवडू नका, अडगळीत टाकू नका. आणि डोंगरात जीव घाबरला तर लाजू नका, सांगा. थर्मासला काय, कुणी किती प्यायलं ते कळत नाही.