माळावरचा पाहण्याचा कार्यक्रम

औरादच्या नागसेननं सकाळभर गप्प बसायचं कबूल केलंय, हे ऐकून त्याच्या आईला, भागाबाईला, हसू आवरेना. पोरगा विमा विकायचा. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत, ही म्हण त्यानं फारच मनावर घेतलेली.

पण मुलगीच तशी होती. प्रेरणा कडगंचीच्या विद्यापीठात पाखरांवर संशोधन करायची. एका लग्नात तिला पाहिल्यापासून नागसेनला दुसरं काही सुचत नव्हतं. स्थळ कळवलं, तर तिनं फोनवर सांगितलं, "बघायचा कार्यक्रम घरी न्हाई, विद्यापीठाच्या माळावर. सकाळभर गप बसून दाखवा. मला जन्मभर पाखरंच बघायची हायेत. बडबड्या माणसासंगं निभायचं कसं?" याआधी दोन स्थळं त्या माळावरूनच परत गेली होती.

नागसेन कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, वर अत्तर लावून हजर झाला. मुलगी बघायला जायचं म्हणजे माणसानं आणखी काय करावं? प्रेरणानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पांढऱ्याला पाखरं बुजतात म्हणून आपली मळकट शाल त्याच्या अंगावर टाकली. सगळा रुबाब शालीखाली गेला.

तळ्याच्या वरच्या अंगाला दोघं गवतात बसली. समोरच्या मुरमाड जागेत धाविक नावाच्या, माळावर पळणाऱ्या पाखरानं पिल्लं काढली होती. पिल्लं मातीच्याच रंगाची, हलली तरच दिसायची. त्यांची आई चोचीत किडा घेऊन येईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा होता.

नागसेनच्या पोटात शब्द कळा मारत होते. तळ्यातली बदकं, काठचा बगळा, जे दिसेल त्याबद्दल त्याला विचारायचं होतं. तेवढ्यात एक मुंगळा पँटीत शिरला आणि कडकडून चावला. त्याच्यामागं दुसरा. नागसेननं दातावर दात दाबले, पण तोंडातून ब्र काढला नाही. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहू लागलं.

नेमकी तेव्हाच धाविक तुरुतुरु धावत आली. त्याला दुर्बीण द्यायला प्रेरणानं मान वळवली आणि थबकली.

"रडायलाव?" ती कुजबुजली. "पिल्लं बघून?"

तिचा आवाज इतका मऊ झाला होता, की काम फत्ते झाल्याचं नागसेननं ओळखलं. आता नुसती मान हलवायची होती. गिऱ्हाइकापुढं तो याहून मोठ्या थापा चहा पितापिता मारायचा. पण तिच्या त्या नजरेपुढं त्याला स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या सरळ माणसाला पहिल्याच दिवशी कसं फसवायचं?

"न्हाई," तो पुटपुटला. "पिल्लं तर मला अजून दिसलीच न्हाईत. मुंगळे चावायलेत. कुठं, ते सांगण्यासारखं न्हाई."

प्रेरणानं तोंडावर हात दाबला, तरी हसू फुटलंच, आणि फुटलं ते खदखदून. धाविक पळाली, पिल्लं होती तिथंच दबली, तळ्यातली बदकं फडफडत उठली. दुर्बिणीतून बघावं असं माळावर काही उरलं नाही. सकाळ वाया गेली, आणि घालवली कुणी, तर जिनं गप्प बसायची अट घातली तिनंच.

नागसेन कावराबावरा होऊन उठला. "मग मी जाऊ का?"

"कामून?" ती डोळे पुसत म्हणाली. "त्या झाडामागं जाऊन पँट झाडून या आधी. मग काय बोलायचं ते बोला. पाखरं परत येस्तोवर लई येळ हाय."