धवलारणीची धडधड

कोपरीत लग्न ठरलं की भटाच्या आधी आवडाबाईकडे माणूस जायचा. आगऱ्यांच्या लग्नात भट एक वेळ उशिरा आला तरी चालतं, पण धवले गाणाऱ्या धवलारणीवाचून पान हलत नाही. पहिल्या धवल्यात तर एकूणएक देवाला नाव घेऊन मांडवात बोलवावं लागतं. आवडाबाईचा गळा असा, की देव राहोत बाजूला, रुसलेले व्याहीसुद्धा मुकाट्याने येऊन बसत.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. दिवा गावातल्या एका लग्नात आवडाबाई तिथल्या गावदेवालाच बोलवायचं विसरली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पण दोन-तीन दिवसांत नवऱ्या मुलाला ताप भरला. तो आठवड्यात ठणठणीत झाला, सासुरवाडीला जाऊन पोटाला तडस लागेपर्यंत जेवला. आवडाबाईच्या मनातून मात्र तो ताप उतरेना. पुढच्या लग्नात मांडवात पाय टाकताच तिचं काळीज धडधडू लागलं, घशाला कोरड पडली, हातापायांना मुंग्या आल्या. पोटात दुखतंय असं सांगून ती घरी पळाली. त्याच्या पुढच्या लग्नात तर लांबून ताशा ऐकूनच पळाली.

घरच्यांनी भगत केला. लिंबं कापली, नारळ फोडले, दंडाला काळा दोरा बांधला. त्या दोऱ्याने दंड तेवढा काचला. दुसरीकडे कुणाचं डोकं फिरलं तर लोक म्हणतात, याला ठाण्याला न्या. कोपरीकर पडले ठाण्यातलेच. त्यांनी आपलं माणूस न्यायचं कुठं?

अशात शालूचं लग्न ठरलं. शालू ही आवडाबाईच्या धाकट्या जावेची पोर. जाऊ लवकर गेली, तेव्हापासून शालू काकीच्याच पदराला धरून वाढलेली. लोकांनी दुसरी धवलारीण बघायला घेतली, तेव्हा शालूने ठणकावलं, "काकी गायली नाय, तं मी पाटावर बसाची नाय!"

पोरीच्या लग्नाला आपणच आडवे येतोय, याने आवडाबाईचा जीव तुटत होता.

तिचा नवरा राघो मिठागरावर कामाला. तो म्हणाला, "टेशनापलीकडच्या दवाखान्यात दर गुरुवारी एक डाक्टरीण येतं. ती म्हणं नुसती बोलून बरी करतं."

"नुसती बोलून?"

"मंग? बोलूनच बरा व्हायचा असंल, तं तुझ्यावानी रोगी तिला मिलाचा नाय."

डॉक्टर नंदाबाई तिशीच्या, नाकावर चष्मा. त्यांनी आधी छाती तपासली, नाडी पाहिली. "तुमचं हृदय अगदी उत्तम आहे, आवडाबाई. आता सांगा, मांडवातून पळालात की कसं वाटतं?"

"बरा वाटतं."

"आणि त्याच्या पुढच्या लग्नाला?"

"जास्ती भ्या वाटतं."

"म्हणजे पळणं हे औषध नाही, भीतीचा खुराक आहे. तुम्हीच तिला खाऊ घालून पोसताय. धडधड झाली तर होऊ द्या. पळू नका. ती चढते, तशी आपोआप उतरते."

आजवर सगळ्यांनी तिला भिऊ नको म्हणून सांगितलं होतं. भ्यालीस तरी चालेल, असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं, आणि आवडाबाईला रडू फुटलं. नंदाबाईंनी तिला पोटभर रडू दिलं.

मग गुरुवारमागून गुरुवार बोलणं झालं. आधी दवाखान्यातच गायचं, मग घरी, मग मिठागराच्या बांधावर बायकांपुढे. धडधड यायची. आवडाबाई पाय रोवून उभी राहायची, आणि थोड्या वेळाने धडधड खरोखरच उतरायची. एका गुरुवारी मात्र नंदाबाईंनी कहरच केला. "आता घरी गाताना एका देवाचं नाव मुद्दाम गाळा. काय होतं ते बघू."

नवरा-बायको घरी येऊन विचारात पडले. गाळायचं कुणाला?

"एकवीरा?" राघोने विचारलं.

"जीभ झडंल तुझी!"

"म्हसोबा?"

"तो तं आधीच तापट."

शेवटी राघोने तोड काढली. "मारुतीला गाल. ब्रह्मचारी देव, त्याला लग्नाचा काय करायचा?"

आवडाबाई खो खो हसली, पण गाताना मारुतीपाशी येऊन तिला दरदरून घाम फुटला. तरी नाव गाळून तिने धवला पुरा केला. आठ दिवस घरात कुणाला साधी शिंकही आली नाही. उलट राघोची जुनी कंबरदुखी थांबली, तेव्हा तो म्हणाला, मारुती खूशच झालेला दिसतो.

लग्नाचा दिवस उजाडला. आंब्याच्या डहाळ्यांनी मांडव सजला, ताशा कडाडला. आवडाबाईचं काळीज ठरल्या वेळी हजर झालं आणि धडधडू लागलं. तिने शालूच्या हळदीच्या अंगाकडे पाहिलं, पाय रोवले आणि पहिला धवला उचलला. आवाज कापत होता, पण वर चढत होता. एकेका देवाला नाव घेऊन तिने मांडवात बसवलं. ती शेवटाला आली, आणि गर्दीतून म्हातारी बायजा खणखणीत आवाजात ओरडली, "अगो आवडे, खंडोबा ऱ्हायला! दोन बायकांचा देव, आन लग्नाला त्यालाच ईसरलीस?"

राघोच्या हातातला तांब्या हातातच राहिला. वर्षभर जिच्या भीतीने आवडाबाई पळत होती, ती चूक भर मांडवात, पोटच्या पोरीगत वाढवलेल्या शालूच्या लग्नात झाली होती. मांडवाचं दार दहा पावलांवर होतं.

आवडाबाईने दाराकडे पाहिलं आणि पदर कमरेला खोचला.

"ईसरली नाय गो," ती म्हणाली, "दोघी बायका नटाला बसल्यान, म्हनून त्याला उशीर झाला. ये रं द्येवा, बस! तुझी जागा ठेवलीय."

सगळा मांडव हसून लोटपोट झाला. पाटावरची शालू तर इतकी हसली, की तिच्या मुंडावळ्या नाकावर आल्या. आवडाबाईही हसत होती. काळीज अजून धडधडतच होतं, आणि ताशा वाजायच्या आतच तिने पुढचा धवला उचलला.