टँडूराची वाळू ओढायची फळी

मित्रांनो, कधी टँडूरा गावी आलात, तर गोल्फच्या मैदानावर शेवटच्या खळग्याजवळ कुंपणाला टेकलेली एक फळी दिसेल. तीच मी. क्लॅरी हॅड्रिलने मला मेंढवाड्याच्या मोडक्या फाटकातून घडवले आणि खाली लोखंडी पट्टी ठोकली. आमच्याकडे पाण्याची कायमची बोंब, म्हणून गोल्फच्या खळग्याभोवती हिरवळ नाही, उडू नये म्हणून तेल शिंपडलेली काळी वाळू. ती सपाट करणे हे माझे काम.

टँडूरावाले वाळू खेळण्याआधी ओढत, शेजारचे बॅरोनावाले खेळून झाल्यावर. पहिल्याच सामन्यात यावरून जुंपली. दोन्हीकडचे माझा दांडा धरून ओढू लागले. क्लॅरीची बायको ऊना किटली घेऊन आली, पण ओतेना.

"आधी सगळ्यांचा नियम एक करा, मग चहा!"

चहापुढे माणसे शहाणी होतात. त्या दुपारी आमची पश्चिम मैदान गोल्फ संघटना जन्मली. मग गावामागून गाव येत गेले. सामन्याच्या रविवारी गाड्यांची रांग गव्हाच्या कोठारापर्यंत जाई. "टँडूरासारखी वाळू कुठे नाही," असे लोक म्हणत, तेव्हा मी सुखावून जाई. काय दिवस होते ते!

पुढे मोठ्या गावांनी हिरवळ केली. आमची तरुण मंडळी शहरात गेली, क्लॅरीने डोळे मिटले, माझ्या पट्टीला गंज चढला. चार जणांचा संघ नसेल त्या गावाला नारळ, असा संघटनेचा नियम होता. टँडूरात खेळणारे उरले होते तिघे.

सामन्याच्या सकाळी संघटनेचा अध्यक्ष नेव्हिल स्टॅग अवघडून म्हणाला, "ऊना, तिघेच दिसतायत गं."

"चौथी मी."

"तू? तू तर आजवर सँडविचच केलीस!"

"आणि तुम्ही ती गिळलीत. सरक आता."

तिचा चेंडू झुडपात गेला, मेंढ्यांत गेला. सगळे खेळून परतले, तरी ती चालतच होती. शेवटच्या खळग्याशी ती काठीचा आधार घेत आली. नेव्हिलला राहवेना.

"पुरे गं. उचल चेंडू."

"उचलला तर टँडूराचा संघ पुरा धरशील?"

नेव्हिल नकारार्थी मान हलवून बाजूला झाला. ऊनाने मला ओढून वाळू सपाट केली. चेंडू चुकला. पुन्हा चुकला. मग एकदाचा आत पडला. टँडूरा सर्वांत शेवटी आले, पण संघटनेत राहिले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना तेलपाणी द्या, वापरात ठेवा. आणि कुठे एक माणूस कमी पडत असेल, तर जाऊन उभे राहा. खेळता येत नसले तरी चालेल.